लाल पाय पुढे

१७ मे

निवृत्त होऊन सतरा दिवस झाले. सहाला उठते, आवरते, आणि साडेसहाला करण्यासारखं काहीच उरत नाही. बत्तीस वर्षं मी या वेळेला गणिताच्या वह्या तपासत होते. आज बसवेना म्हणून दादाच्या दुकानातली नटबोल्टची खोकी मापाप्रमाणे लावून दिली. दुपारी त्याने ती पुन्हा होती तशी केली. म्हणाला, "मास्तरीणबाई, मला डोळे मिटून हात घातला तरी वस्तू सापडायची. आता डोळे फाडून बघतो तरी सापडत नाही."

दादाचं पंपदुरुस्तीचं दुकान पुढच्या खोलीत आहे, मधे तो आणि वहिनी राहतात, आणि शाळेने दिलेली खोली सोडल्यापासून सगळ्यांत मागची खोली माझी. तिच्या खिडकीतून आमचा उतार दिसतो. जमीन आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे, पण तिला जमीन म्हणायचं म्हणजे जरा धाडसच. दर पावसाळ्यात वरची माती वाहून खाली गवळ्याच्या गोठ्यात जाते आणि वर दगड उघडा पडतो. गवळी दरवर्षी भांडायला येतो आणि दादा दरवर्षी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

आज खडीवाला आला होता. त्याला तो उतार फोडायला हवा आहे. दादा तयार आहे, फक्त माझी सही हवी. वहिनी चहा देऊन आत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही, पण बिस्किटं चांगल्यातली काढली होती, त्यावरून काय ते समजावं.

मी म्हणाले, एक पावसाळा मला द्या. शाळेतलं कपाट रिकामं करताना एक पातळ पुस्तिका सापडली आहे, उतारावरची माती बिनखर्चात कशी धरायची त्याबद्दल. उतारावर आडव्या, एका पातळीतल्या ओळी आखायच्या आणि त्यांवर वाळ्याचे ठोंब लावायचे. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात. पाणी ओळीपाशी अडतं, पसरतं, माती खाली बसते. दोन ओळींच्या मधे तूर आणि शेवगा. सगळं मिळून कुदळ, काठ्या आणि पाठीची हाडं एवढाच खर्च.

दादा म्हणाला, "आणि नाही जमलं तर?"

मी म्हणाले, "यंदा चिखल गोठ्यापर्यंत गेला, तर मुकाट्याने सही करीन."

मुकाट्याने हा शब्द ऐकून त्याला हसू आलं. पण शर्त लागली. दोन शर्तींवर माणूस खूश असतो, जिंकण्याची खात्री असलेल्या आणि हरण्याची खात्री असलेल्या. दादा कोणत्यामुळे खूश होता ते कळलं नाही.

२१ मे

आज पातळी बघायचं साधन तयार केलं. दोन सारखे बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, मधे आडवी काठी बांधायची, आणि वरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पुस्तिकेत याला चौकट म्हटलं आहे. तीन काठ्यांची चौकट कशी होईल, हे लिहिणाऱ्याला विचारायला हवं. दादा त्याला घोडा म्हणतो, तेच नाव पडलं.

पुस्तिकेत मध्यखूण काढायची एक भलतीच लांबण दिली आहे, चित्रांसकट. म्हणे घोडा दोन खुंट्यांवर उभा करा, दोरी येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून परत उभा करा, पुन्हा खूण करा, आणि दोन खुणांच्या मधला बिंदू घ्या. ज्यांना भूमिती येत नाही त्यांच्यासाठी हे ठीक आहे. मी टेपने मोजून दोन्ही पाय सारखे कापले आणि पट्टीने आडव्या काठीचा मध्य काढून त्यावर शाईची रेघ मारली. पाच मिनिटांचं काम.

आणखी एक सुधारणा. पुस्तिकेप्रमाणे घोड्याला गिरकी देत पुढे न्यायचं असतं, म्हणजे मागचा पाय पुढे, मग आताचा मागचा पुढे. पन्नाशी उलटलेल्या बाईने उतारावर बांबूबरोबर फुगडी घालणं बरं दिसत नाही, शिवाय कोणता पाय कुठे होता याचा घोटाळा होतो. म्हणून मी एका पायाला लाल रंग दिला, एकाला निळा. लाल पाय नेहमी पुढे. घोडा उचलायचा, निळा पाय शेवटच्या खुंटीवर ठेवायचा आणि लाल पायाने पुढची खुंटी शोधायची. शिस्त म्हणजे अशी.

२५ मे

पहिली ओळ आखली. पश्चिमेच्या मोठ्या दगडापासून सुरुवात, पूर्वेच्या घळीपाशी शेवट. बावीस खुंट्या. पाठ मोडली, पण शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा संध्याकाळ कधी झाली ते समजलं नाही. वहिनी गवत कापायला आल्या होत्या, विळा हातात धरून बघत उभ्या राहिल्या. "पुस्तक बघू का?" म्हणाल्या. दिलं. त्यांना वाचायला फारसं येत नाही, चित्रंच बघितली. खूप वेळ बघितली.

३० मे

दुसरी आणि तिसरी ओळ झाली. तिन्ही ओळी एकमेकींना इतक्या छान समांतर आहेत की खिडकीतून बघत बसावंसं वाटतं. चौथी, गोठ्याच्या जवळची, वाळ्याचे ठोंब मिळाले की आखीन.

३ जून

परवा रात्री सर येऊन गेली. आज वर गेले तर पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या पूर्वेकडच्या खुंट्या हललेल्या. गुरांनी असतील म्हणावं, तर गुरं खुंटी उपटून हातभर वर परत ठोकत नाहीत. सगळ्या वरच्या बाजूला सरकवलेल्या आहेत. घोडा आणून एकेक पुन्हा जागेवर नेली. तीन तास गेले.

कोण करत असेल? खडीवाल्याचा माणूस? इतक्यात कोणाचं नाव घेऊ नये. पण दिवसभर डोक्यात तेच होतं.

६ जून

पुन्हा हलल्या. पुन्हा वर. पुन्हा मी खाली आणल्या.

७ जून

वहिनी आहेत. मी सकाळी खिडकीत उभी राहून डोळ्यांनी पाहिलं. पदर खोचून, पायातल्या चपला काढून ओळीवरून चालत होत्या आणि मधेच वाकून एक खुंटी उपटत होत्या. मी हाक मारली नाही. मन इतकं खट्टू झालं की चहासुद्धा गेला नाही. चांगल्यातली बिस्किटं उगाच नव्हती निघाली.

८ जून

आज मी ते उघडपणे बोलून टाकलं, आणि चांगलं झालं. दुकानात चारजण पंप घेऊन आले होते. वहिनी दादाला डबा द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "वहिनी, माझ्या खुंट्या तुम्ही का हलवता?"

त्या गडबडल्या. म्हणाल्या, "ताई, पाणी त्या बाजूला पळतंय. मला वाटलं..."

मी म्हटलं, वाटण्याचा प्रश्नच नाही. खडू घेतला आणि दुकानाच्या शटरवर त्रिकोण काढला. दोन बाजू समान, म्हणजे समद्विभुज. शिरोबिंदूतून टाकलेला लंब पायाच्या बरोबर मध्यावर येतो, हे आठवीतलं पोरही सांगेल. तेव्हा दोरी मध्यावर आली की पाया आडवा, ओळ एका पातळीत. डोळ्यांना उतारावर नेहमी भास होतो, हेही समजावून दिलं. मग सवयीने तोंडातून निघालं, "कळलं का? सांगा बघू परत."

गिऱ्हाइकं हसली. दादाही हसला. वहिनींनी हात पदराला पुसले, "कळलं" म्हणाल्या आणि आत गेल्या. डब्याचं झाकण तिथेच राहिलं.

किती दिवसांनी शिकवलं. बोटांना खडू लागल्यावर बरं वाटलं. त्यांनाही एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं, मनात अढी राहत नाही.

१५ जून

खुंट्या जागच्या जागी आहेत. वहिनींनी तो नाद सोडला. ओढ्याकाठून वाळ्याचे ठोंब खणून आणले, वहिनीही आल्या होत्या. माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने खणतात. वीतवीत अंतरावर तिन्ही ओळी लावून झाल्या. वहिनी दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत. मी बोलत होते, त्यामुळे तसं जाणवलं नाही.

२६ जून

उद्यापासून चार दिवस शाळेत. निवृत्तांचा सत्कार आहे आणि कागदपत्रंही करायची आहेत. चौथी ओळ राहिली आहे. पाऊस चांगला चालू असताना लावायला हवी होती, जिवाला चैन नाही. वहिनी म्हणाल्या, "मी बघते." मी म्हटलं, बघा, पण आखू नका, मी आल्यावर आखू.

१ जुलै

परत आले. शाळेत माझ्या जागेवर नवी मुलगी आली आहे, तिने वर्गातली बाकं गोल मांडली आहेत. गोल. फळा कोणाला दिसतो देव जाणे. सत्काराला नारळ मिळाला, भाषण झालं आणि शेवटी सगळ्यांनी माझ्या शिस्तीबद्दल टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत त्या टाळ्या मला टोचत होत्या.

आणि इथे चौथी ओळ आखून, लावून तयार. वहिनी म्हणाल्या, "ठोंब सुकायला लागले होते." ओळ माझ्या तीन ओळींशी अजिबात समांतर नाही. पूर्वेकडे ती वर वर जात राहते, एखाद्या पोराने चालत्या बसमध्ये रेघ मारावी तशी. शिवाय तिच्या वरच्या बाजूला दगड आणि वाळक्या फांद्या रचून ठेवल्या आहेत, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. उपटून नीट लावावी असं मनात आलं, पण ठोंबांनी मूळ धरलं आहे. राहू दे. सगळ्यांत खाली आहे, खिडकीतून दिसत नाही.

घोड्याच्या आडव्या काठीवर, माझ्या शाईच्या रेघेपासून बोटभर बाजूला, कोणीतरी चाकूने खाच पाडली आहे. स्वयंपाकघरात वापरला की काय. वस्तू जपून वापरायची पद्धत या घरात नाही.

१४ जुलै

तूर वर आली. शेवग्याच्या फांद्यांना पानं फुटली. गवळी येऊन बघून गेला, "बाई, यंदा दूध फुकट देईन, चिखल नाही आला तर" म्हणाला. त्याच्या दुधात पाणी किती असतं ते पाहता तो सौदा कोणाच्या फायद्याचा हा प्रश्न आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते. तिन्ही ओळींच्या पूर्वेच्या टोकाला, घळीजवळ, पाणी साचतं. तिथली माती चिकट असावी. तिथे थोडे दगड लावले.

२ ऑगस्ट

घळीजवळचे ठोंब आडवे झाले आहेत. मी पुन्हा दगड लावले. चौथ्या ओळीकडे गेले नाही, तिकडे वहिनीच जातात. पाऊस पडला की छत्री घेऊन, अनवाणी, ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. खडीवाल्याला बातमी द्यायची असेल.

लिहिलं आणि वाचल्यावर वाटलं, हे खोडावं. पण वहीत खाडाखोड मला आवडत नाही.

११ ऑगस्ट

झोप नाही. सारखं उठून खिडकीशी जाते. कशाची काळजी वाटते ते नेमकं सांगता येत नाही. पाणी पूर्वेला का जातं? माती चिकट असती तर एका ओळीपाशी साचलं असतं, तिन्हींपाशी कसं?

चौथीपाशी साचत नाही. कदाचित तिथे माती वेगळी असेल.

४ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस थांबला नाही. आज दुपारी घळीच्या बाजूने मोठा आवाज झाला. पळत गेले. पहिली ओळ पूर्वेच्या टोकाला फुटली होती. तिचं सगळं पाणी दुसरीवर पडलं, ती फुटली, मग तिसरी. तूर आडवी, शेवगा मुळासकट गेला, आणि तांबडं पाणी धो धो खाली चाललं होतं. मी मधेच उभी राहून दोन दगड हातात धरून होते. कुठे ठेवायचे ते सुचेना.

वहिनी खाली चौथ्या ओळीपाशी होत्या, गुडघ्यापर्यंत चिखलात, फांद्या दाबत. मी तिकडे गेले नाही. गोठा काही वाचत नाही असं म्हणत घरी आले आणि दार लावून रडले. इतकी वर्षं फळ्यापाशी काढली, एकदाही मुलांसमोर रडले नाही, त्यातलं सगळं आज निघालं असावं.

५ सप्टेंबर

सकाळी खडीवाला कागद घेऊन हजर. त्याला बातमी द्यायला कोणाची गरज नव्हती, फुटलेला उतार रस्त्यावरून दिसतो. मी पेन घेऊनच दुकानात गेले. दादा म्हणाला, "थांब, आधी गवळ्याला बोलावतो. शर्त गोठ्याची होती."

गवळी आला तो हातात दुधाची बरणी घेऊन. गोठ्यात चिखलाचा थेंब नाही म्हणाला. आम्ही सगळे बघायला गेलो. वरच्या तिन्ही ओळींची माती चौथ्या ओळीपाशी येऊन अडली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे सारख्या उंचीची, हाताने लिंपल्यासारखी. पाणी त्या वाळ्यातून झिरपून खाली आलं होतं, नितळ.

दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. खडीवाल्यासमोर, गवळ्यासमोर, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "शर्त म्हणजे शर्त. मास्तरीणबाई जिंकल्या. दगडावर वाळा उगवून दाखवला बाईने." खडीवाल्याने कागदाची घडी घातली. वहिनींनी चहा आणला आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

मी काही बोलले नाही. चहा प्यायले.

हे इथे लिहायला हवं म्हणून लिहिते, ते सगळं ऐकताना मला छान वाटत होतं.

६ सप्टेंबर

सकाळी घोडा घेऊन एकटीच चौथ्या ओळीवर गेले. खरं सांगायचं तर ती किती चुकली आहे ते मोजायला गेले होते. ठोंब जुने, माती वेगळी, खालच्या बाजूला उतार कमी, असं काहीतरी सापडेल अशी आशा होती.

पहिल्या दोन खुंट्यांवर घोडा ठेवला. दोरी माझ्या रेघेवर आली नाही, बोटभर बाजूला गेली. म्हटलं, बघा. पुढच्या दोन खुंट्या, बोटभर बाजूला. त्यापुढच्या, बोटभर. बावीसच्या बावीस खुंट्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी दोरी त्याच जागी, त्या चाकूच्या खाचेत बरोबर बसली.

वेडीवाकडी ओळ असती तर चूक कुठे कमी, कुठे जास्त आली असती. जी चूक सगळीकडे सारखी येते ती ओळीची नसते, मापाची असते. हे मी किती वर्गांना शिकवलं त्याची मोजदाद नाही.

वर पहिल्या ओळीच्या उरलेल्या भागावर गेले. दोन खुंट्यांवर घोडा उभा केला, दोरी रेघेवर. पायांची अदलाबदल केली, लाल मागे, निळा पुढे. दोरी दोन बोटं सरकली. पाय टेपने सारखे होते, पण बांबू काही पट्टी नव्हे. एक जरा वाकलेला आहे, आणि वरची गाठ एका बाजूला बसली आहे. माझा त्रिकोण फळ्यावरचाच होता. आणि लाल पाय नेहमी पुढे ठेवल्यामुळे प्रत्येक पावलाला थोडी थोडी ओळ खाली उतरत गेली. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत, बावीस वेळा, शिस्तीत. गिरकी दिली असती तरी एका पावलाची चूक पुढच्या पावलाने भरून काढली असती.

मी तिन्ही ओळींतून पाण्याला घळीची वाट आखून दिली होती.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "ही खाच तुमची?"

"हो."

"पायांची अदलाबदल करून काढली?"

"पुस्तकात चित्र होतं तसं केलं. दोन खुणा आणि मधली एक."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी वाकून एक ठोंब सरळ केला. मग म्हणाल्या, "दोनदा खुंट्या हलवल्या, ताई. पाणी जिथे थांबत होतं तिथे नेल्या. तुम्ही परत आणल्यात. मग दुकानात ते सगळं सांगितलंत. तुम्ही इतक्या शिकलेल्या. मला वाटलं, माझंच चुकत असेल. म्हणून तुमच्या ओळींना हात लावला नाही. खालची तेवढी, तुम्ही नव्हतात म्हणून, मला दिसत होतं तशी केली." पुढचा ठोंब सरळ करत म्हणाल्या, "रात्री झोप यायची नाही. माझी बरोबर असेल तर तुमच्या तीन जाणार, आणि तुमच्या बरोबर असतील तर माझी जाणार, आणि गोठा तर माझ्याच ओळीखाली."

दोन महिने या घरात दोन बायका जाग्या होत्या आणि मला वाटत होतं, एकटीच आहे.

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, की खाच फार बारीक आणि स्वच्छ पाडली आहे. त्या म्हणाल्या, "चाकू चांगला आहे."

७ सप्टेंबर

दुकानात पाचजण होते. शटरवर खडूने तोच त्रिकोण काढला. एक बाजू जरा वाकडी काढली आणि दोरी कुठे येते ते दाखवलं. मग पाण्याची वाट काढली, एक, दोन, तीन ओळी, आणि घळ. म्हटलं, "त्या दिवशी वहिनी बरोबर होत्या आणि मी चूक. गोठा वाचला तो त्यांच्या ओळीने. मी परवा गप्प बसले, ती दुसरी चूक."

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

दादाने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे शर्त हरलीस तू?"

"माझ्या ओळी हरल्या. सही माग, देते. बोलले होते तसं, मुकाट्याने."

"मुकाट्याने," दादा म्हणाला, "आणि हे पाव तासाचं व्याख्यान झाल्यावर." मग त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. वहिनी तिथे उभ्या होत्या. त्याने विचारलं, "तुला काय वाटतं? द्यायचा उतार?"

मला आठवेना, हा प्रश्न या घरात त्यांना आधी कोणी विचारला होता का. मी तर नाहीच. बिस्किटांवरून अंदाज केला होता.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या माहेरामागे खाण होती. वाळत घातलेले कपडे पांढरे होऊन घरात यायचे. लाल रंगाचेसुद्धा. आईचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मला नको."

दादा म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत हे कधी बोलली नाहीस."

"आज विचारलंत."

दादाने खडीवाल्याला फोन केला, तिथेच, सगळ्यांसमोर. दादाला किती वाईट वाटलं ते माहीत नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, माझा पंप आज होईल का. दादा म्हणाला, होईल.

१९ सप्टेंबर

पाऊस उघडला, जमीन अजून ओली आहे. वरच्या तिन्ही ओळी नव्याने करायला घेतल्या. वहिनी घोडा चालवतात, गिरकी देत. फुगडीसारखं मुळीच दिसत नाही, दोन पायांचं माणूस चालतं तसं दिसतं. मी मागून खुंट्या ठोकते. सुरू करण्याआधी त्या म्हणाल्या, "ताई, एकच सांगते. ठोकलेली खुंटी मला विचारल्याशिवाय हलवायची नाही." मी हो म्हटलं.

हो म्हणणं सोपं होतं. दुपारपर्यंत अकरा खुंट्या झाल्या आणि सातवी मला वाकडी दिसायला लागली. जेवताना मी तिच्याकडे बघत होते, पाणी पिताना बघत होते. जेवण झाल्यावर वहिनी झाडाखाली जरा आडव्या झाल्या. मी उठून सातवीपाशी गेले, हात तिच्यावर ठेवला. भास असेल, मी स्वतःच समजावलं होतं, उतारावर डोळ्यांना भास होतो. परत आले. पुन्हा गेले. बसवत नव्हतं आणि हलवता येत नव्हतं. बत्तीस वर्षांत चुकलेली गोष्ट दिसली आणि मी ती सुधारली नाही, असं कधी झालं नव्हतं.

शेवटी वहिनींना हाक मारली. म्हटलं, "झोपमोड केली, पण मला सातवी वाकडी वाटते. माझं चुकत असेल."

त्या उठल्या, घोडा आणला, सहावी आणि सातवीवर ठेवला. दोरी स्थिर होईपर्यंत आम्ही दोघी वाकून बघत होतो.

"नाही ताई," त्या म्हणाल्या, "वाकडीच आहे. माझाच पाय घसरला असेल. हलवा तुम्ही."